टूर द फ्रान्समधील ‘संभाव्य विजेता’ : एका दुर्लक्षित ऐतिहासिक साधनाचा विचार

प्रास्ताविक

क्रीडेतिहासाच्या लेखनात अभ्यासकांचा भर साहजिकच निकालांवर राहिला आहे. कोण जिंकले, किती फरकाने जिंकले, कोणता विक्रम मोडला, या नोंदी सहज उपलब्ध असतात. परंतु शर्यत सुरू होण्यापूर्वी जाणकारांना काय घडेल असे वाटत होते, याचीही नोंद वृत्तपत्रांच्या भाकितांत आणि पैजेच्या भावांत शिल्लक असते. निकाल माहीत झाल्यावर माणूस भूतकाळाची फेरमांडणी करतो आणि जे घडले ते घडणारच होते असे त्याला वाटू लागते. भाकिते मात्र निकालापूर्वी छापली गेलेली असतात. म्हणून समकालीनांच्या अपेक्षांचा तो विश्वसनीय पुरावा ठरतो. प्रस्तुत लेखात टूर द फ्रान्स या फ्रान्समधील टप्प्यांच्या सायकल शर्यतीच्या आधारे या साधनाचा विचार केला आहे. संभाव्य विजेत्यांची यादी शर्यतीचे केवळ वर्णन करते की तिचा निकालही घडवते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

आयोजक आणि भाकितकार एकच

पहिली टूर १९०३ च्या जुलै महिन्यात झाली. ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने खप वाढविण्यासाठी ती योजली होती. कल्पना जिओ लफेव्र या तरुण पत्रकाराची, तर सूत्रे संपादक आंरी देग्रांज यांच्या हाती होती. शर्यत भरविणारे आणि तिच्याविषयी भाकीत करणारे वृत्तपत्र एकच होते, ही बाब साधनचिकित्सेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ज्या स्पर्धकाचे नाव लोकांच्या तोंडी आहे त्याच्या भोवती उत्कंठा निर्माण करणे हा त्या दैनिकाचा व्यवसायच होता.

त्या वर्षीची प्रमुख नावे दोन होती. मोरिस गारँ याने पॅरिस-रूबे ही शर्यत १८९७ व १८९८ मध्ये, पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस १९०१ मध्ये जिंकली होती. इपोलित ओकुतुरिए याने पॅरिस-रूबे १९०३ मध्येच जिंकली होती. पहिल्याच टप्प्यात पोटदुखीने ओकुतुरिएला शर्यत सोडावी लागली. पुढील दोन टप्पे त्याने जिंकले, पण एकूण क्रमवारीतून तो बाद झालेला होता. सहा टप्प्यांची २,४२८ किलोमीटरची ती शर्यत गारँने पहिल्यापासून अखेरपर्यंत आघाडीवर राहून जिंकली. साठ स्पर्धकांपैकी एकवीसच पॅरिसला पोहोचले. येथे भाकीत अर्धे खरे ठरले. उरलेले अर्धे का चुकले याचे उत्तर कोणत्याही पूर्वकामगिरीत सापडत नाही.

पैजेचे गणित

भाकिताला पैशांची जोड मिळाली की त्याचे स्वरूप बदलते. पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात जोझेफ ओले याने घोड्यांच्या शर्यतींसाठी एकत्रित पैजेची पद्धत रूढ केली. सर्वांचे पैसे एका ठिकाणी जमा करावयाचे, चालकाचा हिस्सा काढावयाचा आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटावयाची. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरील ‘टोट’ हा याच पद्धतीचा वंशज होय. याउलट बुकमेकर स्वतः भाव लावतो आणि जोखीम स्वतःच्या अंगावर घेतो. फ्रान्सने १८९१ च्या कायद्याने घोड्यांच्या शर्यतींसाठी एकत्रित पैजेलाच मान्यता दिली. ब्रिटनमध्ये रेसकोर्सबाहेरील पैजेची दुकाने १९६१ मध्ये कायदेशीररीत्या उघडली. फ्रान्समध्ये सायकल शर्यतींवर महाजालाद्वारे पैज लावण्यास खुली व्यवस्था मिळाली ती २०१० च्या कायद्यानंतरच. अर्थात टूरच्या पहिल्या शतकात तिच्या मायदेशी ‘फेव्हरिट’ ठरविण्याचे काम प्रामुख्याने बुकमेकरांचे नसून पत्रकारांचे होते.

भाव म्हणजे शुद्ध संभाव्यता नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागते. कल्पना करा, तीनच स्पर्धक आहेत. रुपयामागे अनुक्रमे एक, दोन आणि तीन रुपये नफा देण्याची तयारी बुकमेकर दाखवितो. या भावांचा अर्थ ५०, ३३.३ व २५ टक्के असा होतो. बेरीज १०८ टक्क्यांहून अधिक येते. शंभरावरचा हा भाग त्याच्या नफ्याची सोय असते. शिवाय लोकप्रिय नावावर पैसा अधिक येतो, तेव्हा त्याचा भाव उतरतो. भावात सामर्थ्याच्या जोडीने लोकांचे प्रेमही मोजलेले असते.

भाकीत निकाल घडविते तेव्हा

घोड्याला आपला भाव ठाऊक नसतो. सायकलपटूला तो ठाऊक असतो, आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही. टप्प्यांच्या शर्यतीचे वेगळेपण येथे आहे. मोठ्या घोळक्यात वाऱ्याचा रोध वाचतो, म्हणून पुढे निसटलेल्यांचा पाठलाग करण्याचे कष्टाचे काम कोणी करायचे, हा रोजचा वाद असतो. ज्याच्याकडून विजयाची अपेक्षा आहे त्याच्या संघाने ते करावे, असा संकेत आहे. उलट ज्याचे नाव यादीत नाही तो निसटला तरी कोणी फारसे मनावर घेत नाही. यादीत नसणे हेच त्याचे भांडवल ठरते.

१९५६ ची टूर याचे ठळक उदाहरण होय. १९५३ ते १९५५ असा सलग तीनदा विजयी झालेला लुईझाँ बोबे त्या वर्षी उतरला नव्हता. शार्ली गॉल नुकताच इटलीची शर्यत जिंकून आला होता. स्पेनचा फेदेरिको बाहामोंतेस डोंगरी चढांसाठी प्रसिद्ध होता. लोरियाँ ते आंजे या सातव्या टप्प्यात ३१ जणांचा गट निसटला आणि १८ मिनिटांहून अधिक आघाडी घेऊन पोहोचला. त्या गटात रोजे वाल्कोवियाक होता. १९३० ते १९६१ या काळात टूरमध्ये राष्ट्रीय संघ असत. फ्रान्सच्या मुख्य संघात स्थान न मिळालेल्यांसाठी प्रादेशिक संघ असत. म्हणजे अपेक्षेची उतरंड संघरचनेतच रुजलेली होती. वाल्कोवियाक ईशान्य-मध्य या प्रादेशिक संघाचा होता. (१९४७ चा विजेता जाँ रोबिकही पश्चिमेच्या प्रादेशिक संघाचाच.) पिवळी जर्सी त्याच्या अंगावरून गेली, पण डोंगराळ टप्प्यात त्याने ती परत मिळविली आणि जिल्बेर बोव्हँ याच्यावर १ मिनिट २५ सेकंदांनी मात केली. गॉलला पर्वतराजाचा किताब मिळाला, एकूण क्रमवारीत मात्र तो तेरावा आला. ही टूर तोवरची सर्वांत वेगवान ठरली होती.

यानंतर जे झाले ते मला इतिहासकाराच्या दृष्टीने अधिक बोलके वाटते. एकही टप्पा न जिंकता मिळविलेल्या या विजयाला लोकांनी मनापासून स्वीकारले नाही. नशिबाने पदरात पडलेल्या यशासाठी ‘वाल्कोच्या पद्धतीने’ असा वाक्प्रचार फ्रेंच सायकलविश्वात रूढ झाला, आणि ही हेटाळणी त्याला आयुष्यभर सलत राहिली. १९५५ च्या दोफिने शर्यतीत तो बोबेच्या पाठोपाठ दुसरा आला होता, हे सोयीस्करपणे विसरले गेले. भाकीत चुकले, पण दोष भाकिताला न देता विजेत्याला दिला गेला. हा अन्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे. तीन आठवड्यांच्या शर्यतीत एका दिवसाची सवलत मिळते, उरलेले दिवस मात्र पायांनीच काढावे लागतात.

अर्धशतकानंतर हीच घडण पुन्हा दिसते. २००६ मध्ये इव्हान बासो आणि यान उलरिख ही दोन सर्वाधिक अपेक्षित नावे शर्यतीच्या आदल्या दिवशी, स्पेनमधील ‘ओपेरासियोन पुएर्तो’ या उत्तेजक द्रव्यविषयक तपासामुळे वगळली गेली. आदल्या आठवड्यातली सगळी भाकिते एका दिवसात रद्दीत गेली. पुढे बेझिए ते माँतेलिमार या तेराव्या टप्प्यात ऑस्कर पेरेइरो निसटला. फ्लॉइड लँडिसच्या संघाने पाठलाग केला नाही, आणि तो घोळका २९ मिनिटे ५७ सेकंद मागे राहिला. पेरेइरोच्या अंगावर पिवळी जर्सी आली. २००४ आणि २००५ या दोन्ही वर्षी तो दहावा आला होता, हे पाहता ही मोकळीक धाडसाचीच म्हणावी लागेल. पॅरिसला लँडिस विजेता ठरला. त्याच्या चाचणीत दोष आढळल्यावर २००७ मध्ये विजेतेपद पेरेइरोकडे आले आणि ऑक्टोबरमध्ये माद्रिद येथे त्याला जर्सी देण्यात आली.

दोन प्रकारचे निकाल

येथे साधनांचा एक गुंता निर्माण होतो. अनेक बुकमेकरांच्या नियमांनुसार पैजेचा हिशेब समारोपाच्या दिवशी मंचावर घोषित झालेल्या क्रमानुसार मिटतो. नंतरच्या अपात्रतेचा त्यावर परिणाम होत नाही. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सात विजेतेपदे २०१२ मध्ये रद्द झाली आणि ती जागा रिकामी ठेवण्यात आली. अधिकृत नोंदवहीत त्या सात वर्षांना विजेता नाही. पैजेच्या वहीत आहे, आणि तो बहुतेक वर्षी सर्वांत कमी भावाचा. त्या काळातील भाकिते अचूक होती असे म्हणावे, तर ती कोणत्या निकालाशी ताडून पाहावयाची हे अभ्यासकाने आधी ठरवावे लागते. २००६ मध्ये पेरेइरोवर पैज लावणारा कोणी असलाच, तर या नियमाखाली त्याला जुलैत काही मिळाले नसते, आणि माद्रिदच्या समारंभानंतरही नाही.