गलबताची फट आणि कोंकणचें आरमार

आंग्र्यांच्या आरमाराची कथा सांगतांना तोफा, गुराबा आणि सरखेल कान्होजींचा दरारा यांचें वर्णन होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या गुराबा पाण्यावर तरंगत कशा राहिल्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. दोन फळ्यांमधील केसाएवढ्या फटींतून पाणी आंत येऊं लागलें कीं शत्रूची तोफ न डागतांहि जहाज तळ गांठतें.

अलिबाग, चौल, रेवदंडा, पेण हा मुलूख पूर्वीं कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९८१ सालीं त्यास रायगड हें नांव मिळालें. या किनाऱ्यावर वर्षाचे दोन भाग. ज्येष्ठांत नैर्ऋत्येचा वारा सुटला कीं दर्या बंद. श्रावणांत नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केला कीं दर्या मोकळा. मधल्या काळांत लहान गलबतें वर ओढून झांपांखालीं ठेवीत. लांकूड पाण्यांत फुगतें आणि सांधे आपोआप आवळतात. उन्हांत तेंच लांकूड आकसतें आणि सांधा उघडा पडतो. लांकूड पोखरणारा समुद्रांतील किडा तो आणखी वेगळाच. म्हणून गलबत पुन्हां लोटण्यापूर्वीं प्रत्येक सांधा पाहून भरणें प्राप्त होतें.

युरोपांत फळ्या एकमेकींस नुसत्या भिडवीत आणि मधल्या फटींत जुन्या दोरखंडांचा पिंजलेला वाख ठोकून वर डांबर घालीत. पश्चिम किनाऱ्यावरील कसबी सुतारांची उत्तम जहाजांसाठीं रीत निराळी होती. एका फळीच्या कडेस खांच पाडावयाची, दुसरीस त्या खांचेंत नेमकी बसेल अशी जीभ ठेवावयाची. मध्यें राळ चोपडून कापसाचा पातळ थर द्यावयाचा आणि मग फळ्या आवळून खिळे मारावयाचे. असा सांधा मुळांतच इतका घट्ट बसे कीं पुढें वरून फारसें भरावें लागत नसे. अठराव्या शतकांत येथें आलेल्या युरोपीय प्रवाशांनीं या कारागिरीची वाखाणणी केली आहे. तळास चुना आणि तेल एकत्र घोटून केलेला लेप देत. त्यास ‘गलगल’ म्हणत. तो वाळला कीं पाण्यास दाद देत नसे. फटी भरण्याच्या कामास हिंदुस्थानी खलाशी ‘कालापत्ती’ म्हणत. पोर्तुगीजांच्या ‘कालाफाते’ या शब्दाशीं त्याचें नातें उघड आहे. शत्रूकडून तोफ घेतली तसा शब्दहि घेतला!

या कामास जागा लागे, आणि ती भरती-ओहोटीनें फुकट दिली होती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें. त्याच ओहोटींत टेकविलेलें गलबत कोरडें पडे आणि भरती येईपर्यंत सुतारास तळाशीं हात घालतां येई. मोठ्या जहाजांस हें साधत नाहीं. मुंबईस इंग्रजांनीं १७५० च्या सुमारास सुकी गोदी बांधली ती याच गरजेपोटीं. तेथील जहाजबांधणीची धुरा १७३६ सालीं सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्याकडे होती. उलट १६७९ सालीं खांदेरीच्या झुंजींत मराठ्यांच्या हलक्या होड्या उथळ पाण्यांतून इंग्रजी जहाजांना चुकवून बेटावर रसद पोंचवीत होत्या. लहान गलबत ही केवळ गरिबीची खूण नव्हे, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर आरमाराच्या लांकडाची चिंता स्वतंत्रपणें केलेली आहे. सागवानादि वृक्ष परवानगीनें तोडावे. आंबा, फणसहि आरमाराच्या उपयोगाचे, पण रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेले, म्हणून त्यांस हात लावूं नये, असा त्याचा आशय आहे. फळी कोठून येते, हें ज्यास ठाऊक आहे तोच असें लिहूं शकतो.

१७२१ सालीं इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, ते हात हालवीत परतले. परंतु फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गापुढें वॉटसनच्या आरमाराचा एक गोळा तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला, आग लागली आणि शेजारीं शेजारीं नांगरलेलें सगळें आरमार तिनें गिळलें. तेल, राळ आणि कापूस यांनीं वर्षानुवर्षें मुरलेलीं तीं लांकडें होतीं. तुळाजीविरुद्ध त्या मोहिमेंत पेशव्यांचें सैन्यहि इंग्रजांच्या बाजूस होतें.