मॅक्ग्रेगर : बंदी घातलेलं आडनाव

नाव पुसलं तर माणसांचं काय होतं, या प्रश्नाकडे आज आपण स्कॉटलंडच्या एका कुळाच्या इतिहासातून बघू.

गेलिक भाषेत 'क्लान' म्हणजे लेकरं, आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅक्ग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. ग्रेगर हे नाव मूळ ग्रीक, अर्थ 'जागा असलेला'. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतो. तिथे पूर्वजावरून 'मॅक' लागतो.

कुळाचं ब्रीद सांगतं की आमचा वंश राजाचा. परंपरा तो नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन राजाच्या घराण्याशी जोडते. पण कागदोपत्री ठोस आधार मिळतो तो चौदाव्या शतकापासून. ग्लेन ऑर्की, ग्लेनस्ट्रे ही त्यांची खोरी. पुढे जमिनीचे हक्क कॅम्पबेल घराण्याकडे गेले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांच्या हाती तलवार होती, कागद नव्हता. मग गुरं पळवणं, लुटालूट, सूड हे ओघानं आलंच.

फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइन इथे त्यांनी कोहून कुळाचा मोठा संहार केला. हे विसरून चालणार नाही. मॅक्ग्रेगर काही निष्पाप नव्हते. पण शिक्षा कशी झाली बघा. ३ एप्रिलला, सहावा जेम्स इंग्लंडचं सिंहासन घ्यायला निघण्याच्या तोंडावर, हुकूम निघाला : हे आडनाव लावायचं नाही, लावलं तर देहान्त. प्रमुख अलास्डेर याला जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरात फाशी दिलं. शिक्षा कृत्याला असते, असं आपण मानतो. इथे ती नावालाच होती. म्हणजे न जन्मलेल्या मुलालासुद्धा.

मग लोकांनी मरे, ग्रँट, ड्रमंड, अगदी कॅम्पबेल अशी नावं घेतली. प्रसिद्ध रॉब रॉय (१६७१–१७३४) यानं आईचं कॅम्पबेल हेच आडनाव वापरलं. ज्यांनी जमीन घेतली, त्यांच्याच नावाचा आसरा!

१६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं बंदी उठवली, १६९३ मध्ये ती पुन्हा आली, आणि १७७४ मध्ये कायमची गेली. पहिल्या हुकुमापासून १७१ वर्षं. पुढे ८२६ मॅक्ग्रेगरांनी सह्या करून जॉन मरे यांना प्रमुख मानलं. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात नोकरी केलेले. म्हणजे प्रमुखाचंही आडनाव अजून उसनंच होतं!

आता प्रश्न असा, की एवढी वर्षं हे नाव होतं कुठे? दप्तरात नव्हतं. घरात आजी नातवाला सांगत असेल, 'बाहेर तू मरे, पण आपण ग्रेगरचे', तिथेच ते राहिलं असणार. हुकूम ओठांवर चालतो, आठवणीवर चालत नाही. मात्र तीच आठवण वैरही जपते, हे ग्लेन फ्रुइन सांगतं. आपलं आडनाव सांगताना आपण यातलं नेमकं काय पुढे देतो, एवढा विचार घरी जाताना जरूर करू या.