मोटारचित्रणाचे आद्य धडे : बग्गीच्या आराखड्यापासून मुक्त रेखाटनापर्यंत

मोटारगाडीचे चित्र काढण्याची विद्या मोटारीबरोबरच जन्मास आली, असा एक समज आढळतो. वस्तुतः तिचे पहिले धडे घोडागाडीच्या कारखान्यात गिरविले गेले. अमेरिकेतील बग्गी-उत्पादकांच्या राष्ट्रीय संघाने इ. स. १८८० मध्ये न्यूयॉर्क येथे आरेखक व कारागीर यांच्यासाठी तांत्रिक शाळा काढली. प्रारंभी तिचे वर्ग मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयाच्या आश्रयाने भरत. पुढे अँड्र्यू एफ. जॉन्सन हे पॅरिसमध्ये शिकून आलेले आरेखक तिचे प्रमुख अध्यापक झाले. न्यूयॉर्कला येऊ न शकणाऱ्या कारागिरांसाठी पत्रद्वारा शिक्षणाचीही सोय होती. दिवसभर रंधा चालविणाऱ्या मनुष्यालाही आरेखकाच्या पदापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला, ही गोष्ट सामाजिक दृष्ट्या लक्षणीय होय.

या शिक्षणात नवशिक्याला ‘सुंदर गाडी’ काढावयास सांगत नसत. गाडीची बाजू, तिचा वरून दिसणारा आकार आणि तिचा छेद ही तीन दर्शने परस्परांशी जुळवून मांडणे, हा पहिला पाठ असे. गाडी डावी-उजवीकडे सारखीच असल्याने वरच्या दर्शनाचा अर्धा भाग पुरेसा होई. कारखान्यात हाच आराखडा काळ्या फळ्यावर प्रत्यक्ष मापाने उतरवीत आणि वळणांसाठी लाकडी वक्रपट्ट्या वापरीत. गाडीची बाजू तळाकडे आत वळत जाते. त्या वळणाचे लाकूड नेमके किती कापावे, हे या आराखड्यावरून ठरे. गास्पार मोंज याने अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यवस्थित केलेल्या वर्णनात्मक भूमितीचा हा व्यावहारिक विनियोग होता. येथे रेघ चुकली की लाकूड वाया जाई.

मोटार आल्यावर घोडा गेला, परंतु आराखडा राहिला. भाषेचा पुरावा येथे उपयोगी पडतो. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडविणाऱ्या फळीचे ‘डॅशबोर्ड’ हे नाव मोटारीत चालकापुढील पटलास चिकटले. ‘कापलेली’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आलेली ‘कूपे’ ही संज्ञाही बग्गीकडूनच मोटारीकडे आली. शब्दांप्रमाणे माणसेही आली. जॉन्सन यांचे विद्यार्थी रेमंड डीट्रिख यांनी टॉमस हिबर्ड यांच्यासह १९२० मध्ये ‘लबॅरन’ ही संस्था स्थापिली. आरंभी तिच्याजवळ कारखाना नव्हता. ती केवळ रेखाकृती पुरवी. अर्थात रेखाकृती ही आता सुताराला दिलेली आज्ञा न राहता ग्राहकापुढे केलेले निवेदन बनू लागली.

१९२७ मध्ये हार्ली अर्ल यांनी ‘लासाल’ मोटारीला रूप दिले, आणि त्यानंतर जनरल मोटर्समध्ये त्यांच्या हाताखाली कला व रंग विभाग उभा राहिला. तेथे रेखाटनावरून मातीची प्रतिकृती करण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी यथार्थदर्शनाला महत्त्व चढले. बाजूच्या दर्शनात वर्तुळ असणारे चाक तिरप्या दर्शनात लंबवर्तुळ होते आणि त्या लंबवर्तुळाचा लघुअक्ष आसाच्या रेषेवर यावा लागतो. या नियमाकडे दुर्लक्ष झाले की चाक गाडीपासून निखळल्यासारखे दिसते. १९४८ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये मोटार-अभिकल्पाचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले आणि असे पाठ विद्यालयीन अभ्यासक्रमात आले.

दोन पद्धतींमधील संक्रमण फिशर बॉडी कंपनीच्या कारागीर-स्पर्धेत स्पष्ट दिसते. १९३० मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत मुलांनी दिलेल्या आराखड्यानुसार नेपोलियनकालीन राजरथाची लघुप्रतिकृती करावयाची असे. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतील मोटार घडविण्याचा गट आला, व पुढे तोच उरला. १९४७ चे विजेते चार्ल्स जॉर्डन हे १९८६ मध्ये जनरल मोटर्सच्या अभिकल्प-विभागाचे प्रमुख झाले. १९६८ मध्ये ही स्पर्धा बंद झाली. मात्र तिचे दार मुलींना कधीच उघडले नव्हते. पत्रद्वारा शिक्षणाने जो मार्ग रुंदावला होता, तो येथे एका बाजूने अरुंदच राहिला.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढावयास हरकत नाही. मोटार रेखाटणे ही केवळ उपजत देणगी मानली, तर या शाळा, टपालाने गेलेले पाठ आणि स्पर्धा यांचा अर्थच लागत नाही. ती शिकविता आली, कारण तिचे घटक वेगळे काढून क्रमाने मांडता आले. जुन्या पद्धतीत माप आधी आणि मोह नंतर होता. नव्या पद्धतीत हा क्रम पुष्कळदा उलटला. तथापि मुक्त रेखाटनातील चाक आसावर बसविताना नवशिक्याला अखेर भूमितीकडेच परतावे लागते. तेव्हा मुक्त रेखाटनाने आराखड्याचा उच्छेद केला असे न म्हणता, तो चित्राच्या पोटात गेला असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.