ॲमेझॉन बायका : दंतकथा किती, हकीकत किती?

ॲमेझॉन म्हटलं की आज घरोघरी ऑनलाइन खरेदी आठवते. पण हे नाव फार जुनं आहे. ग्रीक पुराणकथांमध्ये लढाऊ बायकांच्या एका जमातीला ॲमेझॉन म्हणत. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला, काळ्या समुद्राकाठी त्यांचं राज्य होतं आणि तिथं पुरुषांना थारा नव्हता म्हणे. त्यांची राणी पेन्थेसिलिया ट्रॉयच्या बाजूनं लढली आणि अकिलीसच्या हातून मारली गेली, असंही या कथा सांगतात.

धनुष्य ओढताना अडचण नको म्हणून या बायका एक स्तन कापून टाकत, ही गोष्ट तर आजही सर्रास छापली जाते. आम्हाला ती पटत नाही. ग्रीकांनी त्या नावाचा ओढूनताणून अर्थ लावला, त्यातून ती निघाली. खुद्द ग्रीक कलाकारांनी काढलेल्या चित्रांत ॲमेझॉन बायका धडधाकटच दिसतात.

मग सगळ्या थापाच का? तसं नाही. इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या हेरोडोटसनं लिहून ठेवलंय की डॉन नदीपलीकडच्या सौरोमातियन लोकांत बायका घोड्यावर बसून शिकार करत, लढाईला जात. आणि नेमक्या याच गवताळ मुलखात, आजच्या रशिया-युक्रेनमध्ये, मातीच्या उंच ढिगाऱ्यांखालच्या जुन्या कबरी सापडल्या आहेत. काही बायकांच्या शेजारी भाले आणि बाण पुरलेले होते.

पूर्वी उत्खनन करणारे हत्यार दिसलं की पुरुष, आरसा-मणी दिसले की बाई, असं धरून चालत. हाडं नीट तपासली गेली, पुढं डीएनए चाचणी आली, तेव्हा कितीतरी "पुरुष" बायका निघाल्या. सैबेरियातल्या तुवा इथं 1988 मध्ये धनुष्य आणि कुऱ्हाडीसह एका लहान वयाच्या योद्ध्याचा सांगाडा मिळाला होता. मुलगाच असणार, असं सगळ्यांनी धरलं. 2020 मध्ये डीएनएनं सांगितलं, ती मुलगी होती, वय जेमतेम तेरा!

त्याच्या आदल्याच वर्षी डॉन नदीच्या खोऱ्यात देवित्सा गावाजवळ एकाच कबरीत चौघी सापडल्या. एक बारा-तेरा वर्षांची, दोघी तरुण आणि एक पन्नाशीकडे झुकलेली, डोक्यावर सोन्याच्या नक्षीचा मुकुट. सोबत लोखंडी बाणांची तीसच्या वर टोकं. तरुणींपैकी एकीचे पाय घोड्यावर बसल्यासारखे ठेवलेले होते.

आता, कबरीत हत्यार ठेवलं म्हणजे ती बाई लढलीच, असं लगेच म्हणता येत नाही. मान म्हणूनही ठेवलं असेल. पण काही सांगाड्यांवर लढाईत होतात तशा जखमांच्या खुणा आहेत, आणि हाड खोटं बोलत नाही. शिवाय घोडा आणि धनुष्य असलं की अंगातल्या ताकदीचा फरक बराच कमी होतो. फक्त बायकांचं राज्य मात्र कुठंच सापडलेलं नाही. या बायका आपल्या टोळीतल्या पुरुषांसोबतच राहत होत्या.

हीच चाळणी आपल्या अहमदनगरच्या चांदबीबीलाही लावून पाहावी. तोफगोळे संपल्यावर तिनं सोन्याचांदीची नाणी तोफेत भरली, ही लोकांची आवडती गोष्ट. ती बाजूला ठेवली तरी 1595-96 चा मुघलांचा वेढा, सुरुंगानं पडलेली तटबंदी आणि ती रातोरात बांधून घेणारी चांदबीबी उरतेच.