ऑटोचं इंजिन काय काय गमावतं

परभणीच्या रेल्वे स्टेशनासमोर ऑटोवाल्यांत इंजिनाचा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास कानावर येतात. 'जुनं टू-स्ट्रोक ओढायला भारी होतं.' 'नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज बघा.' 'डिझेलला मरण नाही.' तिन्ही वाक्यं खरी आहेत, तरी वाद मिटत नाही. कारण पहिला माणूस बोलतो इंजिनाच्या चक्राबद्दल, दुसरा इंधन मोजून देणाऱ्या यंत्रणेबद्दल आणि तिसरा खुद्द इंधनाबद्दल. 'जुनं' आणि 'नवं' हे दोनच शब्द या तिन्हींना एकदम लावले की कोण कशाला उत्तर देतोय हेच कळेनासं होतं.

म्हणून आधी वर्गवारी करून घेऊ. तीन चाकांच्या गाडीच्या कुठल्याही इंजिनाला चार प्रश्न विचारता येतात. एका स्फोटासाठी त्याला क्रँकचा एक फेरा लागतो (टू-स्ट्रोक) की दोन (फोर-स्ट्रोक)? ते पेट्रोलवर चालतं, गॅसवर की डिझेलवर? इंधन किती घ्यायचं हे कार्बोरेटरचं भोक ठरवतं, यांत्रिक पंप ठरवतो की संगणक? आणि इंजिन थंड कोण करतं, वारा की पाणी? एकच गाडी एका प्रश्नाच्या उत्तरात जुनी आणि दुसऱ्याच्या उत्तरात नवी असू शकते. कार्बोरेटरवरची फोर-स्ट्रोक ऑटो हे त्याचं घरचं उदाहरण.

शरीर तेच आणि इंजिन वेगळं, असंही घडतं. दिल्लीतल्या 'फटफटी' दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या मागं दोन चाकं जोडून केलेल्या होत्या. पुढं त्यांतल्या अनेकींमध्ये डिझेल इंजिनं बसली आणि १९९८च्या सुमारास त्या रस्त्यावरून हटल्या. आपली ऑटो त्या वंशातली नाही. ती स्कूटरच्या घरातली. इटलीत पियाजिओनं १९४६ साली व्हेस्पा काढली आणि १९४८ साली तिचाच तीनचाकी भाऊ 'आपे' काढला. इटालियनमध्ये व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना १९५९ साली मिळाला, आणि इंजिन मागं असलेली ऑटो १९७७ साली आली. परभणीतल्या पन्नाशीच्या चालकाच्या डोक्यात 'जुनं इंजिन' म्हटल्यावर जे उभं राहतं ते याच गाडीचं १४५ सीसीचं टू-स्ट्रोक. डाव्या हाताला गाडीच्या तळातून वर आलेला दांडा, तो खसकन ओढला की चालू.

आता तुलना कशाच्या आधारे करायची? ताकद, सीसी, किंमत या कसोट्या मला अपुऱ्या वाटतात. छोट्या पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा पाव हिस्सा चाकापर्यंत पोचला तरी पुष्कळ झालं. उरलेलं सगळं वाटेत जातं. तेव्हा इंजिन ओळखायचं ते त्याच्या नुकसानीवरून: ते काय गमावतं, कुठल्या वाटेनं गमावतं आणि त्या नुकसानीचा भार कोणावर पडतो.

टू-स्ट्रोकचं मोठं नुकसान त्याच्या रचनेतच आहे. त्यात व्हॉल्व्ह नसतात. ब्लॉकच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्याच त्या उघडतो, झाकतो. पिस्टन खाली आला की जळका धूर बाहेर जायची खिडकी उघडते आणि जवळपास त्याच वेळी ताजं मिश्रण आत यायची खिडकीही उघडते. ताज्या मिश्रणानं धुराला ढकलून बाहेर काढायचं, ही त्यामागची कल्पना. पण ढकलता ढकलता ते स्वतःही बाहेर पडतं. काही अवस्थांत अशा इंजिनातून ३० ते ४० टक्के इंधन न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या ऑटोच्या मागं पेट्रोलचा वास येतो तो टाकी गळते म्हणून येत नाही. ते पेट्रोल इंजिनातून फिरून, काहीही काम न करता बाहेर आलेलं असतं.

दुसरं नुकसान तेलाचं. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आधी क्रँककेसमधून जातं, त्यामुळे तिथं वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, साधारण लिटरला २० मिलिलिटर. समजा एक ऑटो दिवसाला १०० किलोमीटर चालते आणि लिटरला २२ किलोमीटर देते. रोज साडेचार लिटर पेट्रोल, म्हणजे ९० मिलिलिटर ऑइल. वर्षात ३०० दिवस गाडी चालली तर एका ऑटोनं २७ लिटर ऑइल जाळून हवेत सोडलं. हे मापात घातलं तर. प्रत्यक्षात 'इंजिन पकडू नये' या भीतीनं पंपावर हात सैल सुटायचा, आणि कधी सुटं, स्वस्त ऑइल घातलं जायचं. निळा धूर तिथून येतो. तोच धूर शिवाजी चौकातल्या फळवाल्याच्या आणि स्वतः चालकाच्या छातीत जातो, ही नुकसानीची बाजू अ‍ॅव्हरेजच्या हिशोबात कधी येतच नाही.

मग हे इंजिन इतकी वर्षं टिकलं कसं? प्रत्येक फेऱ्याला स्फोट होत असल्यानं लहान इंजिनातून भरपूर जोर मिळतो, हे पहिलं कारण. 'ओढायला भारी' हे वाक्य शास्त्राच्या कसोटीलाही उतरतं. दुसरं कारण आत शिरून पाहिल्यावर कळतं. जिंतूर रोडवरच्या एका गॅरेजात मी एकदा दुपारभर बसून असं इंजिन उघडताना पाहिलं. मिस्त्रीनं हेड काढलं, ब्लॉक उचलला, आणि जमिनीवर पसरलेल्या पोत्यावर ठेवायला फारसं काही उरलंच नाही. पिस्टन, रिंगा, पिन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा जाड थर होता, आणि धूर निघायच्या खिडकीकडच्या बाजूला उभे, चकचकीत ओरखडे. 'उतारावर थ्रॉटल सोडून आणली,' तो म्हणाला. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. चाकं मात्र इंजिनाला फिरवत राहतात. ओरखडे वाचून त्यानं चालकाची सवय सांगितली. ब्लॉक बोअरला गेला, ओव्हरसाइज पिस्टन आला आणि दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर उभी. ज्याचं घर रोजच्या कमाईवर चालतं त्याला हा एका दिवसाचा हिशोब फार मोठा असतो. टू-स्ट्रोक नावडणाऱ्यांनी हे मान्य करायला हवं.

फोर-स्ट्रोकनं पहिली दोन्ही नुकसानं जवळजवळ बंद केली. व्हॉल्व्ह आपल्या वेळेला उघडतात, ताजं मिश्रण धुराबरोबर पळत नाही. ऑइल खाली वेगळं राहतं, जळत नाही. पण स्फोट दोन फेऱ्यांतून एकदाच. म्हणून तेवढाच जोर हवा तर इंजिन मोठं करावं लागतं. बजाजच्या ऑटोचा आकडा १४५ वरून १७३, मग १९९ आणि पुढं २३६ सीसीपर्यंत गेला त्याचं एक मोठं कारण हे. 'सीसी वाढली म्हणजे पेट्रोल जास्त खाणार' हा समज इथं फसतो. वरच्याच १०० किलोमीटरला, समजा ३२चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर सव्वातीन लिटरही लागत नाहीत. रोज जवळजवळ दीड लिटरची बचत. बदल्यात टॅपेट, कॅम, टायमिंग चेन यांचं काम वाढलं आणि ऑइल बदलायची शिस्त आली. ती ज्यांनी पाळली नाही त्यांचं फोर-स्ट्रोक लवकर बसलं आणि बोल इंजिनाला लागला. बदललेलं काळं ऑइल कुठं जातं हाही प्रश्न आहे. काही बैलगाडीच्या आसाला किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लागतं, पण बरंचसं नालीत जातं, आणि तेही नुकसानच.

या सगळ्या चर्चेत परभणीची हवा फारशी कोणी धरत नाही, आणि माझ्या मते खरा निकाल तिथंच लागतो. मे महिन्यातले ४३-४४ अंश परभणीकराला नवे नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातलं नीचांकी तापमान अनेकदा इथंच, कृषी विद्यापीठाच्या आवारात नोंदलं जातं. एकाच इंजिनाला वर्षात जवळपास ४० अंशांचा फरक झेलावा लागतो. १० अंशांच्या सकाळच्या तुलनेत ४४ अंशांच्या दुपारी तेवढ्याच जागेत सुमारे ११ टक्के कमी हवा मावते. कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याचं भोक तेवढंच राहतं. हवा विरळ झाली की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण ५-६ टक्क्यांनी वाढतं, प्लग काळा पडतो, गाडी मिसिंग मारते. थंडीत उलट होतं आणि चोक ओढावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून धुरावरचे बीएस-६ नियम आले आणि पेट्रोल ऑटोत इंधन इंजेक्शन आलं. आत येणाऱ्या हवेचं तापमान सेन्सर मोजतो आणि पेट्रोल त्या बेतानं सोडलं जातं. पुण्यात ही सोय आहे, परभणीत ती गरज आहे.

थंड करण्याचंही तसंच. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंख्या, म्हणजे ब्लॉकवरच्या पातळ पट्ट्या, समजा १५० अंशांवर आहेत. बाहेर १० अंश असताना १४० अंशांचा फरक उष्णता ओढून नेतो. ४४ अंशांना तो १०६ उरतो. थंड होण्याची ताकद पावभर गेली. त्यात ऑटोचं इंजिन मागच्या सीटखाली दडलेलं, समोरून वारा लागत नाही, म्हणून पंख्यानं हवा मारावी लागते. आणि मानवत-सेलू म्हणजे कापसाचा, जिनिंगचा टापू. हंगामात तिकडं फेऱ्या करणाऱ्या ऑटोच्या पंख्याचं कव्हर काढलं तर आत कापसाचे तंतू, धूळ आणि ऑइल यांची नमद्यासारखी गादी बसलेली दिसते. बोटानं ओढली की सलग निघते. तिच्याखाली हेड भाजत असतं आणि चालक म्हणत असतो, गाडी दुपारी उचलत नाही.

डिझेलकडे वळू. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यातून डिझेल अ‍ॅपे, म्हणजे वरची 'आपे'च, निघू लागली आणि खेड्यापाड्यांच्या वाटा तिनं धरल्या. तिचं ३९५ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन ग्रीव्हज कंपनीचं, मूळ घराणं लोंबार्दिनीचं, तेही इटालियन. ग्रीव्हजचा हलक्या इंजिनांचा कारखाना औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेवर पेटतं, त्याला प्लग लागत नाही. त्याचा खरा फायदा कमी जोरावर चालताना दिसतो. पेट्रोल इंजिनात वेग कमी करायचा म्हणजे हवेची वाट आवळायची, आणि आवळलेल्या वाटेतून हवा ओढण्यात इंजिन स्वतःची ताकद खर्च करतं. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, फक्त इंधन कमी सोडलं जातं. पोखर्णीच्या वाटेवर दर फाट्याला थांबत, माणसं चढवत-उतरवत जाणाऱ्या गाडीला हे इंजिन मानवलं ते यामुळं. किंमत मोजली ती प्रवाशांच्या कमरांनी आणि मागून येणाऱ्यांच्या फुप्फुसांनी. नोझल खराब झालेल्या अ‍ॅपेचा काळा धूर ज्यानं खाल्लाय त्याला काजळीचं शास्त्र वेगळं सांगायला नको.

बीएस-६ला अ‍ॅपेचं डिझेल इंजिन ५९९ सीसीचं आणि पाण्यावर थंड होणारं झालं. त्याच्या साथीला डिझेलही बदललं. दहा लाख भागांत गंधक आता १० भागच असतं, बीएस-४मध्ये ते ५० होतं. उन्हाळ्याच्या दृष्टीनं पाण्याचं कूलिंग उत्तमच, फक्त आत काय ओतलं जातं ते पाहिलं पाहिजे. कंपनीचं कूलंट संपलं की वाटेत बोअरचं पाणी भरलं जातं, आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षाराचं. घरच्या बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या आतल्या वाटांत बसतो, आणि तो थर उष्णता अडवतो. असं उघडलेलं एक इंजिन मी पाहिलंय: थर्मोस्टॅट चुन्यात बुडवून काढल्यासारखा. गाडीला दोन वर्षंही झाली नव्हती.

नव्या इंजिनाचं नुकसान धुरातून फारसं जात नाही, ते थांबलेल्या दिवसांतून जातं. बॅटरी उतरली तर इंधन-पंप फिरत नाही. सेन्सरच्या सॉकेटात पावसाचं पाणी गेलं की दिवा लागतो, आणि तो दिवा काय म्हणतोय हे वाचायचं यंत्र तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजात नसतं. सोनपेठ किंवा पालमच्या चालकाला त्यासाठी गाडी टेम्पोत घालून आणावी लागते. ओरखडे वाचणारा मिस्त्री इथं अडाणी ठरतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्याची समज कमी झालेली नाही; त्याला नव्या यंत्राची भाषा कोणी शिकवलेली नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमात आणि तालुक्याच्या गॅरेजात ते स्कॅनर पोचणं हा माझ्या दृष्टीनं इंजिनाच्या रचनेचाच भाग आहे.

म्हणून स्टँडवरच्या वादासाठी मी एक साधी पद्धत सुचवतो. परभणी-जिंतूर हा एकच रस्ता, साधारण तेवढेच प्रवासी, आणि एक वही. मे महिन्याचे पंधरा दिवस आणि डिसेंबरचे पंधरा दिवस. रकाने पाच: किलोमीटर, लिटर, ऑइल, दुपारी गाडी किती वेळा थांबवली, आणि गॅरेजात किती दिवस गेले. टू-स्ट्रोक आता रस्त्यावर फारशी उरली नाही, पण कार्बोरेटरची फोर-स्ट्रोक, इंजेक्शनची फोर-स्ट्रोक, जुनी हवेवरची डिझेल आणि नवी पाण्यावरची डिझेल या चारही गाड्या अजून एकाच रस्त्यावर धावताहेत. काही वर्षांत विजेच्या गाड्या वाढतील आणि ही तुलना करायला चारही एका जागी सापडणार नाहीत. वही येत्या उन्हाळ्यातच सुरू करायला हवी.