‘बोकाचिओ ७०’ : वगळलेला अंक

‘बोकाचिओ ७०’ (१९६२) या चित्रपटाचा विचार करताना आरंभीच एक अडचण उभी राहते : प्रमाण संहिता कोणती मानायची? चेझारे झाव्हात्तिनीच्या कल्पनेतून आणि कार्लो पाँतीच्या निर्मितीतून साकारलेला हा चित्रपट इटलीत चार अंकांचा होता. देशाबाहेर गेला तो तीन अंकांचा. मारिओ मोनिचेल्लीचा ‘रेंझो आणि लुचाना’ हा पहिला अंक कान महोत्सवातील प्रदर्शनापूर्वीच काढून टाकण्यात आला. निषेध म्हणून फेलिनी, व्हिस्कोंती आणि दे सिका यांनी त्या महोत्सवाकडे पाठ फिरवली. तरीही परदेशात दीर्घकाळ रूढ राहिले ते हेच खंडित रूप, आणि लैंगिक नैतिकतेवरील प्रहसन ही चित्रपटाची ख्यातीही त्यावरच बेतलेली आहे.

शीर्षकातला बोकाचिओ तसा नावापुरताच. ‘देकामेरोन’च्या शंभर कथांपैकी एकही येथे नाही, १३४८ च्या प्लेगपासून दूर गेलेल्या दहा निवेदकांची चौकटही नाही. (‘७०’ हे थट्टेने योजलेले भविष्य, घटस्फोटाचा कायदा मात्र इटलीत खरोखरच डिसेंबर १९७० मध्ये झाला.) अशी चौकट नसल्याने अंकांचे नाते केवळ त्यांच्या सान्निध्यातून सिद्ध होते. साहजिकच एक अंक गळाला की उरलेल्यांचा अर्थही बदलतो.

फेलिनीचा अंक सर्वांत गाजला. ‘ला दोल्चे व्हिता’वर (१९६०) नीतिरक्षकांनी उठवलेल्या गदारोळाला ते सरळ उत्तर होते. त्याच चित्रपटातील अनिता एकबर्ग येथे दुधाच्या अवाढव्य जाहिरातफलकावर पहुडली आहे. पेप्पिनो दे फिलिप्पोने रंगवलेले डॉ. अंतोनिओ त्या फलकाविरुद्ध मोहीम उघडतात. रात्री ती फलकावरून उतरते आणि त्यांना चिमुकल्या बाहुल्यासारखे हाती धरते. सोवळेपणा हेच वासनेचे रूप, हा विनोद लखलखीत आहे, पण बेतशीरही आहे. आपण डॉ. अंतोनिओ नव्हे, याची खात्री बाळगून प्रेक्षक निर्धास्त हसू शकतो.

व्हिस्कोंती आणि दे सिका यांच्या अंकांत देहाला दर लागतो. मोपासाँच्या कथेवर आधारलेल्या पहिल्यात उमरावाची पत्नी नवऱ्याकडूनच मोबदला मागते. दुसऱ्यात जत्रेतील झोए (सोफिया लॉरेन) सोडतीचे बक्षीस ठरते. परंतु वाडा काय किंवा जत्रा काय, दोन्ही स्थळे नित्याच्या जगण्याबाहेरचीच.

मोनिचेल्ली कारखान्यात शिरतो. आधार इतालो काल्व्हिनोच्या कथेचा, नावे मांझोनीच्या कादंबरीतल्या वाग्दत्त जोडप्याची. मांझोनीकडे विवाहाआड येतो तो एक सरंजामदार. येथे नोकरीची अट. लग्न केले तर लुचानाची नोकरी जाणार, म्हणून लग्न लपवायचे आणि अविवाहित समजून लगट करणाऱ्या वरिष्ठाला सोसायचे. नीतीचा एकही प्रवक्ता या अंकात नाही. नियमनाचे काम कामाच्या अटीच उरकतात. ही अतिशयोक्ती नव्हती. विवाहाच्या कारणावरून स्त्रियांना कामावरून काढण्यास इटलीत कायद्याने मनाई झाली ती ९ जानेवारी १९६३ रोजी, म्हणजे हा अंक कापला गेल्यानंतर. शेवटी दोघांना घर मिळते, पण त्याची पाळी रात्रीची आणि तिची दिवसाची. एक उठतो तेव्हा दुसरा ऊब उरलेल्या अंथरुणावर आडवा होतो.