शेवटची मुंगी

हाइनरिश कुटर हा स्विस माणूस धंद्याने फार्मासिस्ट. मुंग्या हा त्याचा छंद. आता छंद म्हणजे आपल्यासारखा वीकेंडपुरता नाही हं, जन्मभर पुरलेला. १९४५ साली त्याने एका नव्या परोपजीवी मुंगीचं वर्णन छापलं आणि तिचं नाव ठेवलं 'पाकिस', लॅटिनमध्ये 'शांतीची'. साल बघा!

पण खरी गंमत पुढेच आहे. आल्प्समधल्या सास-फे गावाजवळ टेट्रामोरियम नावाच्या अगदी सामान्य मुंग्यांच्या वारुळात त्याला अजून एक पाहुणी सापडली. १९५० मध्ये त्याने ती जगापुढे आणली. राणी जेमतेम अडीच मिलिमीटरची, आणि मुक्काम कुठे? यजमान राणीच्या पाठीवर! पोट खालून खोलगट, म्हणजे फिट्ट बसायला सोय. एकाच राणीवर आठ-आठ जणी बसलेल्या पाहिल्या गेल्यात, तेव्हा त्या बिचारीला हलताही येत नाही. हिच्या जातीत कामकरी मुंग्या नाहीतच. जबडे कमजोर, नांगी लहान, मेंदूसुद्धा आक्रसलेला. यजमानांच्या कामकरी हिला पातळ अन्न भरवतात आणि ही अंडी घालते, सरासरी अर्ध्या मिनिटाला एक!

बऱ्याच परोपजीवी मुंग्या यजमान राणीला मारून मोकळ्या होतात. ही मारत नाही. दया वगैरे काही नाही, राणी गेली तर नव्या कामकरी येणार कुठून?

कुटरने वंशाचं नाव ठेवलं 'टेल्यूटोमर्मेक्स', ग्रीकमध्ये 'शेवटची मुंगी'. परोपजीवीपणाची हद्द झाली, याच्या पुढे वाटच नाही, अशा अर्थाने. एडवर्ड विल्सननेही १९७१ च्या 'द इन्सेक्ट सोसायटीज' मध्ये तिला हेच मानाचं (?) स्थान दिलं.

मला मात्र हे नाव जरा घाईचं वाटतं. कारण इटलीच्या कार्लो एमेरीने १९०९ मध्येच लिहून ठेवलं होतं की असे परोपजीवी बहुधा यजमानांचेच जवळचे नातेवाईक असतात. कुटर १९९० साली गेला. २०१५ मध्ये फिलिप वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे मुंग्यांची वंशावळ परत मांडली, आणि 'शेवटची मुंगी' थेट टेट्रामोरियम वंशात जाऊन बसली. ज्यांच्या घरात खात होती त्यांचीच चुलत बहीण निघाली! त्या वंशात 'श्नायडरी' हे तिचं जातिनाम आधीच दुसऱ्या मुंगीला दिलेलं होतं, म्हणून तेही गेलं. नवीन नाव मिळालं 'इन्क्विलिनम'. लॅटिनमध्ये, भाडेकरू.